आमसुलं, बेदाणे, तिरफळ: ग्रॅमचं वाटीत कसं बसवायचं

पाककृतीत '५० ग्रॅम' लिहिलेलं असतं आणि हातात असते वाटी. सुक्या फळांच्या बाबतीत ही अडचण जास्त येते, कारण प्रत्येकाचा आकार वेगळा, ओल वेगळी. साखरेचा हिशेब आमसुलांना लावला की सार एक तर पाणचट होतं, नाही तर दात आंबतात.

आधी आपली वाटी किती मिलिलिटरची आहे ते काढा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. घरातल्या दोन वाट्या सहसा सारख्या भरत नाहीत, म्हणून मापाची एकच वाटी ठरवून ठेवा. मग ती कोरडी पुसून सुकं फळ वरून सोडा, दाबू नका, आपटू नका, सुरीच्या पाठीने सपाट करून वजन घ्या. असं तीनदा करून सरासरी काढा.

बेदाण्यांचे आकडे बऱ्यापैकी स्थिर आहेत. २४० मिलिच्या कपात सैल भरले तर सुमारे १४५ ग्रॅम, दाबून भरले तर १६५. म्हणजे १५० मिलिच्या वाटीत साधारण ९० ग्रॅम. सुक्या क्रॅनबेरी हलक्या, त्याच कपात १२० ग्रॅमच्या आसपास. 'अर्धी वाटी बेदाणे भिजवून घ्या' असं असेल तर कोरडे मोजा. 'भिजवलेले बेदाणे अर्धी वाटी' असेल तर फुगल्यावर मोजा. शिऱ्यात हा फरक चांगलाच जाणवतो.

आमसुलांना मात्र वाटी लावूच नका. ती दुमडलेली, एकमेकांना चिकटलेली असतात. वाटीत किती फळ आणि किती पोकळी, हे दर वेळी बदलतं. ती नगावर मोजावीत. पाकिटातली २० आमसुलं, लहान-मोठी मिसळून, एकत्र वजन करा. समजा ५० ग्रॅम भरली, तर एक अडीच ग्रॅमचं झालं. एका नारळाच्या सोलकढीला १२ धरली तर ३० ग्रॅम. पाव किलोत १०० नग, म्हणजे आठ वेळची सोय. कार्याला २५ नारळांची सोलकढी असेल तर पाऊण किलो आणा.

हा आकडा त्या पाकिटापुरताच. मीठ लावलेली आमसुलं ओलसर आणि जड असतात; पावसाळ्यात मीठ हवेतली ओल ओढतं आणि वजन आणखी वाढतं. एप्रिल-मेमध्ये कडक वाळलेल्या आमसुलांवरून काढलेला हिशेब श्रावणात वापरला तर तेवढ्याच ग्रॅममध्ये नग कमी येतात, आंबटपणा कमी पडतो. म्हणून पाऊस सुरू झाला की पुन्हा २० नग तोलून पाहा. खारी आमसुलं असतील तर पदार्थात मीठ शेवटी, चव घेऊनच घाला. साठवण काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत. आंबट आणि खारट वस्तू ॲल्युमिनियमच्या डब्यात नको.

मिरी सोपी: ५ मिलिच्या चमच्यात अख्खी सुमारे ३ ग्रॅम, पूड सव्वादोनच्या आसपास. अख्ख्या मिरीचं प्रमाण दिलं असेल तर आधी मोजा, मग कुटा.

तिरफळ सगळ्यात फसवं. साल पोकळ, त्यामुळे चमचा भरलेला दिसतो आणि काटा मात्र हलत नाही. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा आठ-दहा तिरफळांना नीट पकडत नाही. ५० एकदम तोलून भागाकार करा, किंवा बांगड्याच्या तिखल्याला सरळ नगच मोजा. आतली काळी, चकचकीत बी काढून टाकायची असते, तेव्हा वजनही बी काढल्यावरच करा. बियांसकट तोललेलं ५ ग्रॅम आणि नुसत्या सालीचं ५ ग्रॅम यांत सालीचे नग कितीतरी जास्त येतात, आणि तेवढी सगळी कालवणात पडली तर जीभ बधिर होते, माशाची चव लागतच नाही.