घरच्या घरी पॉडकास्ट : कोणते साहित्य आणि कोणत्या क्रमाने

पॉडकास्ट सुरू करायचा म्हटले की बहुतेक जण आधी मायक्रोफोनच्या किमती पाहू लागतात. माझा आग्रह असा की खरेदीपूर्वी एक संध्याकाळ घरातली योग्य खोली शोधण्यात घालवावी. फरशी, सिमेंटच्या भिंती आणि खिडक्यांच्या काचा यांवरून परतणारा आवाज महागडा माइकही पूर्णपणे टाळू शकत नाही, आणि एकदा ध्वनिमुद्रणात मिसळलेला घुमारा नंतर संगणकावर पुरता काढता येत नाही.

खोली

प्रत्येक खोलीच्या मधोमध उभे राहून एक खणखणीत टाळी वाजवावी. नाद मागे रेंगाळत असेल, तर ती खोली सोडावी. टाळी जिथल्या तिथे विरत असेल, तर तीच आपली खोली. कापसाची गादी, जाड पडदे आणि कपड्यांनी भरलेले कपाट असलेली झोपण्याची खोली बहुधा या परीक्षेत उतरते. बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर एक जाड गोधडी टांगावी, कारण माइकचे तोंड त्याच दिशेला असते, आणि टेबलावर दुमडलेली सतरंजी अंथरावी. पंखा बंद ठेवावा, फ्रिजपासून दूर बसावे आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या थांबल्यावरच सुरुवात करावी. पत्र्याचे छप्पर असेल, तर पावसात मुद्रणाचा हट्ट धरू नये.

माइक

घरगुती वापरासाठी कंडेन्सरपेक्षा डायनॅमिक प्रकारचा माइक मी सुचवतो. कंडेन्सर माइक अधिक संवेदनशील असल्यामुळे रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाजही तो हौसेने टिपतो. डायनॅमिक माइक जवळून वापरायचा असतो, त्यामुळे दूरचे आवाज त्या मानाने मागे राहतात. सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स यांसारख्या माइकना यूएसबी आणि एक्सएलआर (व्यावसायिक ध्वनिसाहित्याची तीन पिनांची जोडणी) अशा दोन्ही जोडण्या असतात. त्यामुळे आज तो थेट संगणकाला जोडता येतो आणि पुढे साहित्य वाढवले, तरी टाकून द्यावा लागत नाही.

माइक तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभरापेक्षा जवळ ठेवावा. मराठी बोलणाऱ्याने येथे विशेष काळजी घ्यावी, कारण ख, थ, फ, भ या महाप्राण व्यंजनांबरोबर तोंडातून हवेचा झोत निघतो आणि तो माइकच्या पडद्यावर आदळला की ‘भप्प’ असा आवाज मुद्रित होतो. त्यासाठी पॉप फिल्टर (माइकसमोर लावायची, हवेचा झोत अडवणारी जाळी) किंवा स्पंजची टोपी घ्यावी, आणि माइक अगदी तोंडासमोर न धरता ओठांच्या एका कोपऱ्याकडे किंचित तिरपा ठेवावा. ‘फळाभोवती भुंगे, खिडकीखाली थवे’ असे एखादे वाक्य आधी म्हणून पाहावे.

हेडफोन

कान पूर्ण झाकणारा, तारेचा साधा हेडफोन पुरेसा आहे. ब्लूटूथचा टाळावा, कारण त्यातून आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि स्वतःचेच शब्द मागून ऐकू आले की बोलणे अडखळते.

दुसरा माणूस आला की

एकाच संगणकाला दोन यूएसबी माइक जोडण्याची खटपट करण्यापेक्षा, दोन एक्सएलआर माइक लावता येतील असा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकापर्यंत पोहोचवणारी छोटी पेटी, घ्यावा. फोकसराइट स्कारलेट २आय२ हे त्याचे परिचित उदाहरण. कंडेन्सर माइक वापरणार असल्यास इंटरफेसवरचा ४८ व्होल्टचा वीजपुरवठा सुरू करावा लागतो. डायनॅमिकला त्याची गरज नसते.

आजी-आजोबांच्या आठवणी मुद्रित करायच्या असतील, तर मात्र हा सरंजाम बाजूला ठेवावा. समोर उभा केलेला माइक पाहून मोकळी माणसेही आखडतात, म्हणून मोबाइलला जोडायचा कॉलर माइक लावावा. तो साडीच्या पदरापासून आणि मंगळसूत्रापासून दूर, दुसऱ्या खांद्याच्या बाजूला टाचावा, आणि बांगड्या किणकिणत असतील तर हात मांडीवर ठेवण्याची विनंती करावी. हे आवाज पुन्हा मिळत नाहीत, त्यामुळे इतकी तजवीज करावीच.

मुद्रण आणि संपादन

ऑडॅसिटी हे संगणकावरचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि सुरुवातीला त्यापलीकडे काही लागत नाही. आवाजाची पातळी अशी ठेवावी की मोठ्याने हसतानाही ती उणे ६ डेसिबलच्या पुढे जाणार नाही; शून्याला टेकलेला आवाज फाटतो. बोलण्यापूर्वी दहा सेकंदांची शांतता मुद्रित करावी, कारण त्याच नमुन्यावरून सॉफ्टवेअर खोलीतली घरघर ओळखून कमी करते. मूळ मुद्रण ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो (एकाच वाहिनीच्या) वेव्ह स्वरूपात, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये, जपावे; त्याचा एक तास सुमारे ४७६ एमबी जागा घेतो. श्रोत्यांसाठी त्याचेच ९६ केबीपीएसचे (सेकंदाला ९६ किलोबिट) एमपी३ केले, तर तासाला ४३ एमबी पुरतात. एकूण आवाज उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचे माप) आसपास असावा, अशी अ‍ॅपलची पॉडकास्टसाठीची शिफारस आहे.

पहिला भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी पाच मिनिटांचा नमुना तयार करावा आणि तो हेडफोनवर, मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर आणि शक्य असल्यास चालत्या बसमध्ये ऐकावा. बसमध्ये शब्द कळले नाहीत, तर नवे साहित्य घेण्याआधी माइक दोन बोटे जवळ आणून तोच नमुना पुन्हा मुद्रित करावा.