मॅलॉक कोणता निवडावा? सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

सी भाषा शिकताना मॅलॉक हे फंक्शन पहिल्या काही आठवड्यांतच भेटते. इतके बाइट हवेत असे सांगितले की पत्ता मिळतो आणि काम झाले की फ्री करायचे. भाषेच्या मानकात या फंक्शनने काय करावे हे सांगितले आहे. ते कसे करावे हे मात्र लिहिणाऱ्यावर सोडले आहे. त्यामुळे त्याच नावाची, आतून पूर्णपणे वेगळी अशी अनेक मुक्तस्रोत रूपे आज वापरात आहेत. कामाला लागल्यानंतर कधी ना कधी कोणीतरी वरिष्ठ अशाच एका रूपाचे नाव घेऊन विचारतात, "जेमॅलॉक लावून पाहिले का?" या प्रश्नाचे उत्तर इतरांचे बेंचमार्क वाचून देता येत नाही, आपला प्रोग्राम मेमरी कशी मागतो आणि कशी परत करतो हे पाहूनच देता येते, असे माझे इतक्या वर्षांच्या कामानंतरचे ठाम मत आहे.

बहुतेक लिनक्स यंत्रांवर जीलिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक असतो. डग ली यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या अलोकेटरवरून (अलोकेटर म्हणजे मेमरी वाटून देणारा कोड) वोल्फ्राम ग्लोगर यांनी थ्रेडसाठी तयार केलेले रूप हा त्याचा पाया. एकाच कुलपापाशी, म्हणजे लॉकपाशी, सगळे थ्रेड अडकू नयेत म्हणून तो मेमरीचे स्वतंत्र विभाग करतो. त्यांना अरेना म्हणतात, आणि ६४-बिट यंत्रावर त्यांची मर्यादा कोअरच्या संख्येच्या आठपट असते. जेसन एव्हान्स यांनी २००५ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी जेमॅलॉक लिहिला. गूगलचा टीसीमॅलॉक थ्रेडनिहाय, आणि नव्या आवृत्तीत प्रोसेसरनिहाय, साठे ठेवतो. डान लेयन यांच्या पुढाकाराने मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये कोका आणि लीन या भाषांसाठी तयार झालेला मीमॅलॉक २०१९ मध्ये खुला झाला. अल्पाइन लिनक्समध्ये मसल ही सी लायब्ररी असते. तिच्या मॅलॉकचा भर लहान आकारावर आणि सुरक्षिततेवर आहे, अनेक थ्रेडच्या वेगावर नाही.

हा शेवटचा मुद्दा नव्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. कंटेनरची प्रतिमा लहान व्हावी म्हणून कोणीतरी डेबियनऐवजी अल्पाइनचा आधार घेतो, कोडची एक ओळही बदललेली नसते, आणि तरीही बरेच थ्रेड असलेली सेवा मंदावते. अशा वेळी आधार बदलताना अलोकेटरही बदलला गेला आहे, हे आधी तपासावे.

फरक नेमका कुठे पडतो हे एका लहान उदाहरणावरून कळते. ६४-बिट जीलिबसीकडे २४ बाइट मागितले तर आठ बाइटांच्या शीर्षासह (तुकड्याच्या आकाराची नोंद) ३२ बाइट खर्च होतात. २५ बाइट मागितले की ३३ होतात आणि सोळाच्या पटीत वर जाऊन थेट ४८ खर्च होतात. जेमॅलॉक प्रत्येक तुकड्याला शीर्ष जोडत नाही, सगळी नोंद बाजूला ठेवतो, त्यामुळे त्याच्याकडे २४ आणि २५ या दोन्हींसाठी ३२ बाइटच लागतात. एखाद्या प्रोग्राममध्ये ३२ बाइटांच्या कोट्यवधी नोंदी असतील, तर एवढ्या एका कारणाने मेमरी एक तृतीयांश वाचते. त्याच नोंदी ४० बाइटांच्या असतील तर दोघांकडे ४८ बाइटच लागतात आणि हा फायदा उरत नाही. मॅलॉक_युजेबल_साइझ या फंक्शनने हे आकडे स्वतः छापून पाहावेत; जीलिबसीत ते शीर्षाचे आठ बाइट वगळून आकडा देते. तासाभराचे काम आहे, आणि त्यातून जे कळते ते कोणत्याही आलेखातून कळत नाही.

आमच्या एका सेवेची मेमरी रोज थोडी थोडी वाढत असे. सगळ्यांना गळतीचा संशय होता, पण ती शोधणाऱ्या व्हॅलग्राइंड या साधनात काही दिसेना. प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा दाखवणारे पीमॅप लावल्यावर ६४ मेगाबाइटांचे निनावी (कोणत्याही फाइलशी न जोडलेले) पट्टे ओळीने दिसले. हे जीलिबसीच्या अरेनांचे ओळखीचे चिन्ह आहे, कारण ६४-बिट यंत्रावर मुख्य अरेना सोडून इतर अरेना पत्त्यांची जागा एवढ्याच तुकड्यांत राखून ठेवतात. आमच्याकडे एक थ्रेड विनंती वाचून मेमरी घेई आणि दुसराच थ्रेड ती सोडून देई. सोडलेली जागा मूळ अरेनातच परत जाई आणि प्रत्येक अरेनात अर्धवट रिकामी पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) साचत राहत. मॅलॉक_अरेना_मॅक्स हे पर्यावरण चल २ वर ठेवताच मेमरी उतरली, पण गर्दीच्या वेळी कुलपापाशी थांबणेही वाढले. त्यानंतरच आम्ही एलडी_प्रीलोड हे चल वापरून, म्हणजे प्रोग्राम पुन्हा न बांधता दुसरी लायब्ररी आधी लादून, जेमॅलॉक लावून पाहिला आणि तोच ठेवला. आधी असलेल्याच अलोकेटरची चावी फिरवून पाहावी, हा क्रम मी आजही सोडत नाही. त्याने भागले तर सांभाळायला एक लायब्ररी कमी राहते.

मोजणी करताना घाई करू नये. पाच मिनिटांच्या चाचणीत वेग दिसतो. मेमरीचे विखंडन, म्हणजे मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत अडकून पडणे, मात्र खरी वाहतूक काही दिवस वाहिल्यावर दिसते. सरासरी वेळेपेक्षा सर्वांत मंद एक टक्का विनंत्यांचा वेळ पाहावा, आणि मेमरीचा उच्चांक व भार ओसरल्यानंतरची पातळी वेगवेगळी नोंदवावी. जेमॅलॉक वापरात नसलेली पाने मूळ सेटिंगमध्ये साधारण दहा सेकंदांच्या काळात हळूहळू परत करतो, त्यामुळे भार थांबताच घेतलेला आकडा त्याच्यावर अन्याय करतो.

परवान्यांचा प्रश्न इथे फारसा आड येत नाही. बीएसडी, एमआयटी आणि अपाची हे तिन्ही सैल आहेत. सांभाळणारे कोण आहेत हे मात्र नीट पाहावे. जून २०२५ मध्ये एव्हान्स यांनी जेमॅलॉकच्या मूळ प्रकल्पाचे सक्रिय काम संपल्याचे लिहिले. इतका नावाजलेला, रेडिससारख्या डेटाबेस प्रकल्पात वर्षानुवर्षे वापरला गेलेला अलोकेटरही काम थांबण्यापासून सुटला नाही. म्हणून निवड करताना मागच्या वर्षभरातील बदलांची यादी आणि उत्तर न मिळालेल्या तक्रारी वाचाव्यात.

बदल करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. स्थिर पद्धतीने जोडलेल्या (लायब्ररी आतच सामावलेल्या) प्रोग्रामवर एलडी_प्रीलोडचा काहीही परिणाम होत नाही, आणि चाचणी यशस्वी झाल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात जुनाच मॅलॉक चालू असतो. प्रोसेसच्या मॅप्स फाइलमध्ये नव्या लायब्ररीचे नाव दिसते का हे पाहूनच पुढे जावे. दुसरे म्हणजे, जेमॅलॉक ४ किलोबाइटांची पाने धरून बांधलेला असेल, तर १६ किंवा ६४ किलोबाइटांची पाने वापरणाऱ्या एआरएम यंत्रावर तो सुरूच होत नाही. मोठे पान धरून बांधलेला मात्र लहान पानांच्या यंत्रावर चालतो, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर एकच पॅकेज जाणार असेल तर ते ६४ किलोबाइट धरूनच बांधावे.