जर्मनीत आरई गाडीनं फिरायचं असेल तर, एका भुसावळकराकडून

मामाचा पोरगा ऑक्टोबरला आखेनला चाललाय शिकायला, परवा घरी आला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "दादा, तिकडं गाडीचं बुकिंग किती दिवस आधी उघडतं, नि वेटिंग कन्फर्म होतं का?" मी हसलो पण त्याचं काय चुकलं, भुसावळच्या माणसाच्या डोक्यात रेल्वे म्हणजे हेच. मंग त्याला जे दोन तास बसून सांगितलं तेच इथं लिहून टाकतो, कारण जळगाव, चाळीसगाव, धुळ्याकडून आता दरवर्षी पोरं जाऊन राहिली आणि सगळ्यांचे प्रश्न तेच.

तर पहिलं हे की आरई म्हणजे रेगिओनाल एक्सप्रेस, तिला बुकिंग नसतं, वेटिंग नसतं, सीट नंबर नसतो. तिकीट खिशात असलं की चढायचं, जागा दिसली की बसायचं, नाही दिसली की उभं राहायचं. आपल्याकडं जळगाव-भुसावळ अपडाऊन करणारे जसे जातात ना तसंच, फक्त रुमाल टाकून जागा धरायची सोय नाही. स्टेशनावर गेट पण नाही, कोणी अडवत नाही, सरळ फलाटावर जाता येतं. नवीन माणसाला वाटतं वा, काय मोकळीक आहे, पण खरी भानगड तिथंच आहे भो, कोणी अडवत नाही म्हणजे चुकीच्या गाडीत बसलात तरी कोणी अडवणार नाही.

मी ज्या भागात राहिलोय तो पश्चिम जर्मनीतला ऱ्हाईन-रूर पट्टा, म्हणून उदाहरण तिकडचंच देतो. तिथली मेन गाडी आरई १. आखेनहून निघते, ड्युरेन, कोलोन, लेव्हरकुझेन, ड्युसेलडॉर्फ, विमानतळ, डुइसबुर्ग, म्युलहाइम, एसेन, बोखुम, डॉर्टमुंड करत पुढं हामला जाते. कोलोनच्या पाटीवर क्योल्न लिहिलेलं असतं, कोलोन शोधत बसू नका. एवढी मोठमोठी शहरं एका माळेत आहेत की एक संपलं कधी आणि दुसरं लागलं कधी ते कळत नाही, एसेन ते बोखुम म्हणजे चहा संपायच्या आत. या पट्ट्याला गाड्या पुरत नव्हत्या म्हणून ऱ्हाईन-रूर-एक्सप्रेस नावाची योजना केली, आरआरएक्स म्हणतात, तिच्या नवीन गाड्या सीमेन्सनं बनवल्या. चार डब्यांचा सेट, टोकाचे दोन डबे साधे आणि मधले दोन डबल डेकर, एका सेटमध्ये ४०० सीट, दोन सेट जोडले की ८००, स्पीड १६० पर्यंत. चार्जिंगचे प्लग आहेत, वायफाय आहे, संडास आहे. चहावाला नाही. पाण्याची बाटली आणि डबा बरोबर ठेवा.

आरई, आरबी, एस-बान यातला फरक पण एकदाच समजून घ्या. आरबी म्हणजे आपली पॅसेंजर, प्रत्येक ठिकाणी थांबते. एस-बान म्हणजे शहराची लोकल. आरई मधली छोटी स्टेशनं सोडते. आणि आयसी, आयसीई या लांब पल्ल्याच्या, त्यांचं तिकीट वेगळं, त्यांचा रुबाब वेगळा.

तिकिटाचं सांगतो. तिथं राहायलाच चाललात तर डॉइचलंडटिकेट घ्या, दुसरा विचारच करू नका. हे म्हणजे महिन्याचा पास, पण अख्ख्या देशाचा: आरई, आरबी, एस-बान, मेट्रो, ट्राम, सिटी बस सगळं त्यात. २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने ९ युरोचं तिकीट काढलं होतं, लोक तुटून पडले, त्यातून पुढं १ मे २०२३ ला हे ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं, आणि जानेवारी २०२६ पासून ६३. विद्यार्थ्यांना बऱ्याच युनिव्हर्सिटीत सेमेस्टरच्या फीमध्येच स्वस्तात मिळतं, आधी ते बघा, नाहीतर दोनदा पैसे जातील. आता यातल्या खोड्या. एक तर हा पास आयसी आणि आयसीईत चालत नाही, आपली आरई लेट आहे आणि समोर रिकामी आयसीई उभी आहे म्हणून चढायचं नाही, आपल्याकडं मंथली पासवाला रिझर्व्हेशनच्या डब्यात सापडल्यावर टीसी जे करतो तेच तिथं होतं फक्त आवाज न चढवता होतं. दुसरं, फर्स्ट क्लासमध्ये बसायचं नाही, दरवाज्याजवळ १ लिहिलेलं असतं, डबल डेकरमध्ये वर मस्त मोकळ्या खुर्च्या दिसल्या की आपला माणूस आधी बसतो आणि मंग विचार करतो. तिसरं, पास मोबाईलच्या ॲपमध्ये असतो, स्क्रीनशॉट चालत नाही, आणि बॅटरी गेली म्हणजे तिकीट गेलं. पास नावावर असतो म्हणून पासपोर्ट नाहीतर कुठलंतरी ओळखपत्र जवळ पाहिजे. आणि चौथं म्हणजे हे दर महिन्याला आपोआप रिन्यू होतं, बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. एकजण दोन महिने सुट्टीवर चोपड्याला आला, बंद करायचं विसरला, इकडं शेतात मजेत केळी खात बसला आणि तिकडं खात्यातून पैसे कटत राहिले.

नुसतं आठ दिवस फिरायला चाललात तर मात्र हिशोब करून सुटं तिकीट घ्या. मशीनमधून कागदी तिकीट घेतलं तर काही भागात ते शिक्का मारायच्या छोट्या डब्यात घालून टक्क करून घ्यावं लागतं, त्याला एंटवेर्टन म्हणतात, आणि शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीटच नाही असं धरतात. विनातिकीट सापडलं तर ६० युरो. मी भरलेत. पहिल्याच महिन्यात, तिकीट हातात होतं, शिक्का नव्हता. तपासनीस बाई एकदम गोड बोलल्या, पावती फाडली, आणि शुभ दिवस म्हणून पुढं गेल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बोर्ड वाचणं. स्टेशनात कागदी टाइमटेबल दोन रंगांत लावलेलं असतं, पिवळा कागद म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, आबफार्ट, आणि पांढरा म्हणजे येणाऱ्या, आनकुन्फ्ट. नवा माणूस हमखास पांढऱ्यासमोर उभा राहून गाडी शोधतो. फलाटाला ग्लाइस म्हणतात, आणि लांब फलाटाचे ए, बी, सी असे भाग असतात. फलाटावर निळी पाटी लटकलेली असते, तिच्यावर गाडीचा नंबर, वेळ, शेवटचं स्टेशन, मधली दोनचार स्टेशनं. आपण एवढं वाचून खुश होतो. पण त्याच पाटीवर एक पांढरी पट्टी सरकत असते आणि सगळं राजकारण त्या पट्टीत असतं. त्यात हे शब्द दिसले की कान टवकारा: फेअरश्पेटुंग म्हणजे लेट, फेल्ट आउस म्हणजे गाडी रद्द, आणि हॉइटं फॉन ग्लाइस अमुक म्हणजे आज दुसऱ्या फलाटावरून, पळा. एसईव्ही (SEV) किंवा शीनेनएरझात्सफेअरकेअर, हा शब्द आगगाडीएवढाच लांब आहे, त्याचा अर्थ रुळाचं काम चालू आहे, बसनं जा. काम फार चालू असतं. शनिवार-रविवारी निघायच्या आधी डीबी नाविगेटर हे जर्मन रेल्वेचं ॲप उघडून बघाच, आठवड्यापूर्वी बघितलं होतं यावर जाऊ नका.

आणि लेटबद्दल. आपल्याकडं एक समज आहे की जर्मन गाडी म्हणजे घड्याळ लावून घ्या. विसरा. डॉइच बान, म्हणजे जर्मन रेल्वे, स्वतःच सहा मिनिटांच्या आत आलेली गाडी वेळेवर धरते, तरीसुद्धा २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर आल्या. आरईचं पण तेच दुखणं, कारण रूळ तेच. कोलोन ते डॉर्टमुंड एकाच पट्ट्यात आयसीई, आरई, मालगाड्या सगळं घुसवलंय, आणि आयसीई मागून आली की आरई बाजूला उभी. भुसावळ यार्डाच्या बाहेर सिग्नलला अर्धा तास काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. म्हणून कुठं गाडी बदलायची असेल तर ॲप चार मिनिटांचं कनेक्शन दाखवतं ते धरू नका, मध्ये पंधरा मिनिटं तरी ठेवा, बॅगा असतील तर अजून जास्त. पहिल्या दिवशी फ्रँकफर्टला उतरून दोन मोठ्या बॅगा घेऊन नुसत्या आरईनं आखेन गाठायचा पराक्रम तर करूच नका, कोलोनपर्यंत आयसीईचं तिकीट आधीच काढा, तासाभरात येते, आणि मंग पुढं आरई.

दिशेचा पण एक घोळ आहे. आखेनहून आरई १ पण डॉर्टमुंडला जाते आणि आरई ४ पण डॉर्टमुंडला जाते. पहिली कोलोन-एसेन करत, दुसरी म्योंशनग्लाडबाख आणि वुपरटालकडून. नुसतं डॉर्टमुंड बघून दुसरीत बसलात आणि जायचं होतं कोलोनला, की बसा बोंबलत. आपल्या भुसावळहून नाही का सुरतेकडं जाणारी अमळनेर-नंदुरबारवरून जाते आणि मुंबईकडं जाणारी पाचोरा-चाळीसगाववरून, जळगाव दोघींना लागतं पण पुढं रस्ते फुटले, तसंच आहे. नुसतं गाव नाही, नंबर बघा. काही गाड्यांचे तर मधल्या स्टेशनात दोन तुकडे होतात आणि दोन दिशांना जातात, तेव्हा पाटीवर फोर्डरर त्सुगटाइल म्हणजे पुढचा भाग आणि हिंटरर म्हणजे मागचा असं येतं. आपण कोणत्या भागात बसलोय ते डब्यातल्या स्क्रीनवर बघून घ्या. कोलोनला अजून एक गंमत, एकाच फलाटावर पुढंमागं दोन वेगळ्या गाड्या उभ्या असतात, तिथं ए-बी-सी न बघता धावत चढलेला माणूस भलत्याच गावाला निघतो.

दरवाज्याचं सांगायचं राहिलं, आणि हे मी सगळ्यांना आवर्जून सांगतो. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला ड्युसेलडॉर्फ विमानतळावर घ्यायला गेलो होतो. टर्मिनलवरून स्टेशनपर्यंत एक लटकती गाडी नेते, स्कायट्रेन, ती बघूनच आई खुश. तिच्या हातात एक थैली, त्यात बिबड्या आणि कळण्याचं पीठ, बाकी दोन जड बॅगा माझ्याकडं. आरई १ आली, थांबली. आई पुढं, बरोबर दरवाज्यासमोर, पदर सावरून उभी. मी मागं बॅगा ओढत येतोय. दरवाजा बंद. आई उभीच. मी ओरडलो, "आई, बटण दाब!" ती वळून म्हणे, "कोणतं बटण? अजून उघडला नाही ना रे तो." तेवढ्यात ती शिटीसारखी पीं पीं वाजली आणि गाडी गेली. बाकीच्या दरवाज्यांतले लोक केव्हाच चढून बसले होते. आई म्हणे, "आपल्या भुसावळला दरवाजे उघडेच असतात, लटकून तरी आलो असतो." पंधरा-वीस मिनिटांनी पुढची मिळाली आणि तेव्हा तिनं गाडी पूर्ण थांबायच्या आत बटणावर बोट ठेवलं होतं. तर दरवाजा आपोआप उघडत नाही, बटणाभोवती दिवा लागला की दाबायचं, उतरताना पण तसंच, आणि सुटायच्या वेळेच्या थोडं आधीच दरवाजे बंद होतात, म्हणून १०:१५ ची गाडी म्हणजे १०:१५ ला जिन्यावर नको.

गर्दीचे दिवस ओळखा. डॉर्टमुंडला फुटबॉलची मॅच असली की आरईत पाय ठेवायला जागा नसते, स्टेडियमच ८१,००० च्या वर माणसांचं आहे आणि सगळे पिवळे-काळे शर्ट घालून गात येतात. माणसं चांगली असतात पण तुमच्या हातात बीअर सांडतील. ११ नोव्हेंबरला कोलोनचा कार्निवल सुरू होतो, त्या दिवशी सकाळी डब्यात सोंगं घेतलेली माणसं, वाघ, नर्स, समुद्री चाचे सगळे उभे. त्या दिवशी बॅगा घेऊन घर बदलायला निघू नका, मी निघालो होतो.

जागा मिळाली तर कोलोनला गाडी येताना खिडकीला राहा. डॉर्टमुंडकडून आलात तर ऱ्हाईन नदीवरचा लोखंडी कमानींचा होहेनझोलर्न पूल लागतो, १९११ चा, त्याच्या जाळीला हजारो कुलपं लटकवलेली दिसतील, प्रेमात पडलेल्यांची, आणि समोर १५७ मीटर उंच कॅथेड्रल अगदी स्टेशनाला चिकटून. पूल यायच्या आधी जे स्टेशन लागतं ते क्योल्न मेसं-डॉइट्झ, तिथं उतरायचं नाही, मेन स्टेशन पुलापलीकडं. नावात क्योल्न दिसलं म्हणून बॅगा घेऊन उतरलेले आपले बरेच आहेत.

सायकल न्यायची तर तिचं वेगळं तिकीट लागतं, डॉइचलंडटिकेटमध्ये ती नाही. डबा उघडून खायला हरकत नाही, पण शेवभाजीचा डबा बंद गाडीत उघडायच्या आधी शेजारी कोण बसलंय बघा, मसाल्याचा वास लेव्हरकुझेनपर्यंत पुरतो.

आणि गाडी तासाभरावर लेट झाली तर पैसे मागता येतात हे बऱ्याच पोरांना माहीत नसतं. साध्या तिकिटाला एक तासावर २५ टक्के आणि दोन तासांवर ५० टक्के परत. पासवाल्याला एका तासाच्या लेटला दीड युरो, पण ४ युरोच्या खाली असेल तर देत नाहीत, म्हणून तीन वेळा लेट होईपर्यंत तारखा लिहून ठेवायच्या आणि मंग एकत्र अर्ज टाकायचा. मी एकदा टाकला. साडेचार युरो आले, बोखुम स्टेशनावर एक कॉफी आणि एक ब्रेट्झेल (तिकडचा खारा पाव) झालं त्यात.