मसल कार विकत घेताना या चुका टाळा

डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा ताफा निघतो. तो पाहून भारावलेली माणसे, आणि त्यांत येथील मोटार उद्योगात काम करणारे मराठी अभियंतेही आले, महिना उलटण्याच्या आत गाडी शोधायला निघतात. ही ओढ मला पूर्णपणे समजते. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवायचे आणि किंमत तरुणाच्या आवाक्यात ठेवायची, हे १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओने जमवले, आणि मसल कार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तशा गाड्या पुढे जेमतेम दहा वर्षेच निघाल्या. मात्र संग्राहक केवळ आवाजासाठी आणि वेगासाठी पैसे मोजत नाही. समोरची गाडी कारखान्यातून याच रूपात बाहेर पडली होती, या खात्रीसाठी तो मोजतो.

म्हणूनच आधी रंग पाहणे आणि कागद नंतर मागणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. माझ्या एका स्नेह्याने १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस, म्हणजे शेव्हेलची ‘सुपर स्पोर्ट’ ही वेगवान आवृत्ती, घेतली. काळे पट्टे, बॉनेटवरचा फुगवटा, एसएसची चिन्हे असे सगळे जागच्या जागी होते. विक्रेत्याने गाडीचा कारखान्याने दिलेला क्रमांक (व्हीआयएन) दाखवला आणि तो १३६ ने सुरू होतो एवढ्यावर स्नेह्याचे समाधान झाले. त्या वर्षी एसएस हे स्वतंत्र मॉडेल नव्हते, वेगळे पैसे भरून घ्यायचा तो एक संच होता. त्यामुळे आठ सिलिंडरच्या साध्या शेव्हेल मालिबूचा क्रमांकही १३६ नेच सुरू होतो, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नाही. पुढे पेट्रोलची टाकी गळू लागली म्हणून ती उतरवली, तेव्हा तिच्या माथ्यावर कारखान्यातील जोडणीचा मूळ कागद चिकटलेला सापडला. त्यावर ३०७ घन इंचांचे, म्हणजे एसएसमध्ये न येणारे, इंजिन नोंदलेले होते. मग इंजिन ब्लॉकच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यावरील, इंजिनाचे आकडे ठोकलेली सपाट जागा तपासली. तेथे कारखान्याच्या यंत्राने उमटणाऱ्या बारीक समांतर रेषा असायला हव्या होत्या; प्रत्यक्षात ती जागा घासून तिच्यावर नवे आकडे ठोकलेले होते. दिलेल्या किमतीच्या निम्मेही मोल त्या गाडीला उरले नाही.

त्या जागेचे आणि क्रमांकाच्या पट्टीचे स्पष्ट छायाचित्र हाती आल्याखेरीज मी गाडी पाहायलाही जात नाही. पाँटिअॅकसाठी पीएचएस (पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) या संस्थेकडून कारखान्याच्या बिलाची प्रत मिळते, १९६७ पासूनच्या फोर्डसाठी कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला मार्टी अहवाल मिळतो, आणि १९७०-७१ च्या क्रायस्लर गाड्यांत क्रमांकातील पाचवे अक्षर आर असेल तरच ती मूळची ४२६ घन इंचांच्या हेमी इंजिनाची. एवढी चौकशी करायला ज्यांना वेळ नाही, त्यांनी ही खरेदी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

गंजाबाबत थोडक्यात सांगायचे तर मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक मागच्या चाकांवरच्या पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे पुट्टी आहे. छताला व्हिनाइलचे आवरण असेल, तर मागच्या काचेच्या कडा आणि डिकीचा तळ विशेष बारकाईने पाहावा.

दुसरी चूक इंजिन नव्याने बांधल्यावर घडते, आणि ती निव्वळ अधीरतेची असते. या इंजिनांतील कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा उंचवट्यांचा दांडा, झडपा ढकलणाऱ्या सपाट तळाच्या टॅपेटवर घासत फिरतो आणि त्या घर्षणापासून त्याला ऑइलमधील जस्त व फॉस्फरसचे संयुग वाचवते. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून आजच्या ऑइलमध्ये त्याचे प्रमाण घटवले आहे. तरीही लोक दुकानातले कोणतेही ऑइल ओततात, इंजिन सुरू करतात आणि त्याची मंद धडधड ऐकत उभे राहतात. नव्या कॅमसाठी तीच मंद गती सर्वांत घातक असते, कारण त्या वेळी त्याच्यावर ऑइल पुरेसे उडत नाही. मी भरपूर जस्ताचे ऑइल भरतो, इग्निशनचे टायमिंग आधीच जुळवून ठेवतो, आणि इंजिन सुरू होताच वीस ते तीस मिनिटे ते मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर कमीजास्त करत चालवतो. हा वेळ वाचवणाऱ्यांच्या कॅमचे उंचवटे पार झिजून गेलेले मी अनेकदा पाहिले आहेत.

१९७१ आणि १९७२ च्या अश्वशक्तीचे आकडे शेजारी ठेवून इंजिन दुबळे झाल्याचा निष्कर्ष काढू नये. १९७२ पासून पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर जोडून मोजलेली निव्वळ शक्ती छापली जाऊ लागली; त्याआधीचे आकडे हे भाग न जोडता मोजलेले असत. मूळ रंग शाबूत असेल तर तो फिका असला तरी खरवडू नये.

ब्रेककडे मात्र दुर्लक्ष नको. १९६६ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत पोचवणाऱ्या मास्टर सिलिंडरला एकच कप्पा असतो, त्यामुळे एक नळी फुटली तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. मी प्रथम दोन कप्प्यांचा सिलिंडर बसवतो, आणि जुना सिलिंडर चिठ्ठी लावून गाडीच्या इतर मूळ सुट्या भागांबरोबर जपून ठेवतो.