फिफ्थ व्हील ट्रेलरसाठी नवे टायर कसे निवडावेत

अमेरिकेत पिकअप ट्रकमागे जोडून नेण्याच्या फिरत्या घरांमध्ये ‘फिफ्थ व्हील’ हा सर्वांत अवजड प्रकार आहे. साधा ट्रेलर ट्रकच्या मागच्या बंपरखालील गोळ्याला जोडला जातो, तर फिफ्थ व्हीलचा पुढचा भाग ट्रकच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळपास वर बसवलेल्या जोडणीवर टेकतो. त्यामुळे ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा ट्रकवर येतो आणि बाकीचे सगळे ओझे ट्रेलरच्या चार किंवा सहा चाकांवर राहते. सहा टनांचे घर, त्यातले फर्निचर, पाण्याच्या टाक्या, गॅसचे सिलिंडर आणि माणसांचे सामान महामार्गावरून धावत असताना या सगळ्याचा आधार चार टायर असतात. म्हणून त्यांची निवड दुकानातल्या सवलतीच्या पाटीवरून करू नये.

आपल्याकडे टायरची परीक्षा नक्षीवरून करण्याची सवय आहे. नक्षी झिजून टायर गुळगुळीत झाला की तो बदलायचा, तोवर चालवायचा. मोटारीच्या बाबतीत ही सवय काही प्रमाणात चालून जाते, पण ट्रेलरच्या बाबतीत ती घातक ठरते. ट्रेलर वर्षातले बरेच महिने एका जागी उभा असतो आणि वर्षभरात काही हजार मैलच धावतो. त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसत असतानाच ऊन, ओझोन आणि सतत एकाच जागी पडणारा भार यांनी रबर आतून जुने झालेले असते.

टायरचे वय त्याच्या बाजूवर कोरलेले असते. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या संकेताचे शेवटचे चार आकडे पाहावेत. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. हा पूर्ण संकेत कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू नेमकी आतल्या अंगाला बसवलेली असते. अशा वेळी विजेरी घेऊन ट्रेलरखाली वाकून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. पाच वर्षे झाली की दर प्रवासापूर्वी टायर बारकाईने तपासावेत आणि सहाव्या-सातव्या वर्षी, नक्षी कितीही चांगली दिसत असली तरी, बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बाजूवर भेगा, फुगवटा किंवा नक्षीत एकाच ठिकाणी विचित्र झीज दिसली, तर वयाचा हिशेब करत बसू नये.

पहिले काम वजनकाट्यावर

टायरच्या दुकानात जाण्यापूर्वी ट्रेलर वजनकाट्यावर न्यावा. लांब पल्ल्याचे मालट्रक जिथे थांबतात, अशा बहुतेक मोठ्या थांब्यांवर ‘कॅट स्केल’ कंपनीचे काटे असतात आणि थोड्या डॉलरांत छापील पावती मिळते. ट्रेलर प्रत्यक्ष प्रवासाला निघताना जसा भरतो तसाच भरून न्यावा. पाणी, किराणा, हत्यारे, पुस्तके, सगळे त्यात असले पाहिजे. रिकाम्या ट्रेलरचे वजन घेऊन टायर निवडणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे.

काट्याचे सलग तीन पट्टे असतात. ट्रकची पुढची चाके पहिल्या पट्ट्यावर, मागची दुसऱ्यावर आणि ट्रेलरची सगळी चाके तिसऱ्यावर येतील अशा बेताने उभे राहावे. तिसऱ्या पट्ट्याचा आकडा म्हणजे ट्रेलरच्या टायरांवरचा प्रत्यक्ष भार. त्यानंतर ट्रेलर सोडून एकट्या ट्रकचे वजन घेतले, तर ट्रकवर किती ओझे टेकते तेही कळते. समजा, जोडलेल्या स्थितीत पहिल्या दोन पट्ट्यांची बेरीज १०,९०० पौंड भरली आणि एकट्या ट्रकचे वजन ८,१०० पौंड निघाले, तर ट्रकवर टेकणारा भार २,८०० पौंड झाला. तिसऱ्या पट्ट्यावर ११,२०० पौंड असतील, तर ट्रेलरचे एकूण वजन १४,००० पौंड, म्हणजे सुमारे ६,३५० किलो होते. चार टायर असल्याने प्रत्येकावर सरासरी २,८०० पौंड आले.

मात्र ही सरासरी आहे आणि टायर सरासरीने फुटत नाहीत. बाहेर सरकणाऱ्या खोलीत स्वयंपाकघर, फ्रिज आणि कपाटे एकाच बाजूला आली की त्या बाजूची चाके दुसऱ्या बाजूपेक्षा शेकडो पौंड जास्त वाहतात. प्रत्येक चाकाचे वेगळे वजन करून देणारी सोय काही ठिकाणी असते. फिरत्या घरांच्या मालकांच्या ‘एस्केपीज’ या संघटनेची ‘स्मार्टवे’ ही सेवा त्यासाठीच आहे. ती मिळाली तर अवश्य घ्यावी, कारण पुढचा सगळा हिशेब सर्वांत जास्त दाबलेल्या चाकावरून करायचा असतो. वरच्या उदाहरणात ते चाक ३,१५० पौंड वाहते असे धरू.

बाजूवरची अक्षरे वाचणे

टायरच्या मापाआधी एक किंवा दोन अक्षरे असतात. महाराष्ट्रात एसटी म्हटले की लाल बस डोळ्यांसमोर येते. इथे ‘एसटी’ म्हणजे ‘स्पेशल ट्रेलर’, अर्थात केवळ ट्रेलरसाठी बनवलेला टायर. ‘एलटी’ म्हणजे हलक्या ट्रकचा टायर. ‘पी’ हे अक्षर प्रवासी मोटारीच्या टायरवर असते आणि तो या कामाला घेऊच नये. अमेरिकी नियमांनुसार मोटारीचा टायर ट्रेलरला लावल्यास त्याची भारक्षमता १.१० ने भागून कमी धरावी लागते आणि तशीही ती इथे पुरणारी नसते.

एसटी आणि एलटी यांच्यातला वाद मात्र जुना आहे. एलटी टायर अधिक भरवशाचे, असे सांगणारे अनुभवी लोक भेटतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पण आकडे पाहा. ‘एलटी २३५/८५ आर १६’ हा भाराच्या ‘ई’ श्रेणीतला टायर ८० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाबावर ३,०४२ पौंड उचलतो, तर जवळपास त्याच मापाचा ‘ई’ श्रेणीतला एसटी टायर सुमारे ३,५०० पौंड उचलतो. आपल्या उदाहरणातले जड चाक ३,१५० पौंडांचे आहे, म्हणजे तो एलटी टायर कितीही दर्जेदार असला तरी या ट्रेलरला तो लागू नाही. हलक्या फिफ्थ व्हीलला तोच टायर उत्तम ठरू शकतो.

मापानंतर येते भाराची श्रेणी. ‘सी’ श्रेणीचा सर्वाधिक दाब सहसा ५० पीएसआय असतो, ‘डी’चा ६५, ‘ई’चा ८० आणि ‘जी’चा ११०. ‘ई’ला दहा प्लाय आणि ‘जी’ला चौदा प्लाय म्हणतात, परंतु हा जुन्या काळापासून चालत आलेला ताकदीचा मापदंड आहे आणि आत तितके थर मोजून मिळत नाहीत. त्यापुढे भारांक, म्हणजे एक टायर जास्तीत जास्त किती भार उचलतो ते सांगणारा आकडा, आणि कमाल वेगाचे अक्षर असते. भारांक १२४ म्हणजे १,६०० किलो, १२९ म्हणजे १,८५० किलो, १३२ म्हणजे २,००० किलो. वेगासाठी ‘जे’ म्हणजे ताशी ६२ मैल, ‘एल’ म्हणजे ७५, ‘एम’ म्हणजे ८१ आणि ‘एन’ म्हणजे ८७. वेगाचे अक्षर नसलेला एसटी टायर ताशी ६५ मैलांपलीकडे नेऊ नये. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला कायद्यानेच ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे आणि टायरच्या दृष्टीने ती शहाणपणाचीच आहे.

राखीव क्षमता किती ठेवावी

सगळ्या निर्णयाचा गाभा इथे आहे. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या अर्ध्या भागात एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर प्रत्येक अ‍ॅक्सलची मर्यादा, मूळ टायरचे माप, श्रेणी आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. नवा टायर त्या मूळ टायरपेक्षा कमी क्षमतेचा कधीही घेऊ नये. पण तेवढ्यावर थांबूही नये.

याचे कारण एकमेकांच्या जवळ बसवलेल्या दोन अ‍ॅक्सलमध्ये आहे. ट्रेलरची चाके मोटारीच्या पुढच्या चाकांसारखी वळत नाहीत. पेट्रोल पंपावर किंवा छावणीच्या जागेत तंग वळण घेतले की एका बाजूची दोन्ही चाके वेगवेगळ्या दिशांनी आडवी खेचली जातात. अशा वळणात ट्रेलरशेजारी उभे राहून पाहावे, टायरचा खालचा भाग रिममागून तिरका ओढला गेलेला स्पष्ट दिसतो. हा ताण नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांमध्ये उतरतो आणि हजारो वळणांनंतर त्या एकमेकींपासून सुटू लागतात. मग उन्हाळ्यात अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातून जाताना एका दुपारी संपूर्ण नक्षी सोलून निघते. सुटलेला पट्टा चाकावरची पोकळी, खालचे पत्रे, विजेच्या तारा आणि कधी गॅसची नळीसुद्धा झोडपून काढतो. त्याच बाजूच्या दुसऱ्या टायरवर त्या क्षणी दुप्पट भार येतो.

म्हणून सर्वांत जड चाकाच्या भारावर किमान १५ टक्के, आणि जमल्यास २० टक्के, क्षमता शिल्लक राहील असा टायर घ्यावा. ३,१५० पौंडांवर २० टक्के वाढवले की ३,७८० पौंड होतात. ‘ई’ श्रेणीचा ३,५०० पौंडांचा टायर नियमात बसतो, पण या कसोटीला उतरत नाही. १२९ भारांकाचा ‘जी’ श्रेणीचा टायर सुमारे ४,०८० पौंड उचलतो, तो उतरतो.

‘जी’ श्रेणीकडे जाताना मात्र तीन गोष्टी तपासाव्यात. रिमच्या मागच्या बाजूला तिचा कमाल भार आणि बहुधा कमाल दाबही कोरलेला असतो. ८० पीएसआयच्या रिमवर ११० पीएसआयचा टायर चढवून पूर्ण हवा भरणे धोक्याचे आहे. साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो, म्हणून धातूचा, जास्त दाबाचा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. आणि माप २३५/८० वरून २३५/८५ करत असाल, तर टायरचा व्यास सुमारे २३.५ मिलिमीटरने वाढतो. तेव्हा दोन टायरांमध्ये आणि वरच्या पोकळीत पुरेशी जागा उरते का, हे हादऱ्यात अ‍ॅक्सल वर उचलला जातो हे लक्षात घेऊन मोजावे.

खरेदी आणि बसवणे

कंपन्यांबद्दल थोडेच सांगतो. ट्रेलरवाल्यांमध्ये स्वस्त आयात टायरांना ‘चायना बॉम्ब’ म्हणण्याची पद्धत आहे. पण ‘सैलून’ या चिनी कंपनीचा ‘एस ६३७’ हा संपूर्ण पोलादी बांधणीचा टायर जड फिफ्थ व्हील बाळगणाऱ्यांमध्ये आज विश्वासाने घेतला जातो. ‘गुडइयर’ने २०१७ मध्ये आणलेला, अमेरिकेत बनणारा ‘एन्ड्युरन्स’ हाही बराच खपतो. देशाच्या नावापेक्षा भारांक, वेगाचे अक्षर आणि हमीच्या अटी वाचणे जास्त उपयोगाचे आहे.

सगळे टायर एकदम बदलावेत आणि स्टेपनी विसरू नये. ती ट्रेलरखाली टांगलेल्या अवस्थेत बाकीच्यांइतकीच म्हातारी झालेली असते. टायर रिमवर चढवण्याआधी प्रत्येकाचा डीओटी संकेत स्वतः वाचावा आणि सहा-आठ महिन्यांपेक्षा जुना माल नम्रपणे परत करावा. चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे. पुष्कळ दुकानदार ट्रेलरला त्याची गरज नसते असे सांगतात, पण हादरे बसतात ते घरातल्या प्रत्येक स्क्रूला आणि बिजागरीला. दुकानाकडून टायर-नोंदणीचा अर्ज भरून घ्यावा, म्हणजे त्या उत्पादनात दोष आढळून कंपनीने ते परत मागवले, तर सूचना तुमच्यापर्यंत पोहोचेल.

एवढा मोठा ट्रेलर अनेक दुकानांच्या आवारात मावत नाही. अशा वेळी एकेका बाजूची चाके काढून न्यावी लागतात. ट्रेलर ट्रकला जोडलेलाच ठेवावा, दुसऱ्या बाजूच्या चाकांखाली पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली न लावता सांगाड्याच्या मुख्य तुळईखाली लावावा. नळीला बाक आला की चाकांची रेषा बिघडते आणि नवे टायर काही महिन्यांतच एका कडेने झिजू लागतात.

हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजावी, म्हणजे ट्रेलर किमान तीन तास उभा असताना, शक्यतो सकाळी ऊन चढण्यापूर्वी. ‘ई’ श्रेणीच्या एसटी टायरमध्ये बाजूवर लिहिलेला पूर्ण ८० पीएसआय दाब ठेवावा. ‘जी’ श्रेणीसाठी कंपनीचा भार आणि दाबाचा तक्ता पाहून, राखीव क्षमता धरून दाब ठरवावा. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरले की दाब सुमारे दोन टक्क्यांनी घटतो, म्हणजे ८० अंशांच्या दुपारी भरलेले ८० पीएसआय ५० अंशांच्या पहाटे ७५ च्या आसपास आलेले असतात. उलट, धावून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसला म्हणून हवा कधीही सोडू नये. व्हॉल्व्हवर बसणारे दाब व तापमानाचे सेन्सर आणि ट्रकमध्ये त्यांचा पडदा हा खर्च मी चैनीत धरत नाही. ट्रेलरचा टायर बसला तरी चालकाला पुढे काहीच जाणवत नाही, हे ज्याने अनुभवले आहे त्याला याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

शेवटी नट. अ‍ॅक्सलच्या पुस्तिकेत दिलेल्या बलाइतकेच, समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच ते आवळावेत. नवी बसवलेली चाके थोडी धावल्यावर रिम जागेवर नीट बसते आणि नट सैल पडू शकतात, म्हणून पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांनंतर थांबून प्रत्येक नट पुन्हा पान्याने तपासावा.