स्वयंपाकघर पुस्तकात आणताना या चुका टाळा

आत्मकथनांची आणि कादंबऱ्यांची जी हस्तलिखिते माझ्याकडे वाचायला येतात, त्यांतल्या बहुतेकांत एक तरी स्वयंपाकघर असते. चूल, पाटा-वरवंटा, फडताळातली लोणच्याची बरणी आणि पदराला हात पुसणारी आजी हे सगळे तिथे हजर असते. तरीही ती पाने वाचून ना भूक लागते, ना ती आजी डोळ्यांसमोर उभी राहते.

पहिला दोष विशेषणांचा आहे. ‘खमंग’, ‘रुचकर’, ‘अप्रतिम’ हे शब्द लेखकाला पदार्थ आवडला एवढेच सांगतात. पदार्थाविषयी काहीच सांगत नाहीत. त्यांच्या जागी कृती लिहावी, आणि शक्य असल्यास बिघडलेली कृती लिहावी. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी परातीत थापताना कडेने चिरते आणि तव्यावर टाकताना मोडते. म्हणून बाई पाणी उकळून त्यात पीठ मळते. एवढे दोन ओळींत आले, तर घरात ताजे दळण आणण्याइतके पैसे नव्हते, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘आजीच्या हातची चव न्यारीच’ या वाक्याने मात्र वाचकाच्या हाती काही लागत नाही, कारण प्रत्येकाच्या आजीच्या हातची चव न्यारीच असते.

दुसरी चूक आठवणीच्या यंत्रणेविषयीची आहे. पदार्थ तोंडात गेला आणि बालपण क्षणात उलगडले, असा प्रसंग लिहिणारे बहुतेक जण, कळत-नकळत, मार्सेल प्रूस्तच्या 1913 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतल्या चहात भिजवलेल्या मादलेन केकची उसनवारी करत असतात. पण मूळ प्रसंग त्यांनी नीट वाचलेला नसतो. तिथे पहिल्या घोटाला निवेदकाला फक्त एक अकारण आनंद होतो आणि त्याचे कारण कळत नाही. तो दुसरा घोट घेतो, तिसरा घेतो, तेव्हा परिणाम उलट कमी होत जातो. मग तो पेय बाजूला ठेवून मनाशी बराच वेळ झगडतो आणि त्यानंतर केव्हातरी आत्याने दिलेला तो तुकडा आठवतो. केक नुसता पाहून त्याला काहीच आठवले नव्हते, हेही तो नोंदवतो. त्या प्रसंगाचे सगळे बळ या विलंबात आहे. तुमची आठवण नळ उघडल्यासारखी येत असेल, तर ती आठवण नसून पुढचे प्रकरण सुरू करण्याची सोय आहे.

पाककृती मध्येच घालण्याचा मोहही असाच उसना आहे. लाउरा एस्किवेल यांच्या 1989 सालच्या मेक्सिकन कादंबरीत वर्षाच्या बारा महिन्यांची बारा प्रकरणे आहेत आणि प्रत्येकाच्या आरंभी एक पाककृती आहे. अनुकरण करणारे साहित्याची यादी तेवढी उचलतात. मूळ कादंबरीत नायिका तिता आपल्या प्रियकराच्या, तिच्याच बहिणीशी होणाऱ्या लग्नाचा केक करते, तिचे अश्रू त्या मिश्रणात पडतात आणि तो खाणारे पाहुणे रडू लागतात. म्हणजे कथा पुढे सरकते ती त्या भांड्यातून. यासाठी एक सोपी तपासणी आहे: पाककृती काढून टाकून प्रकरण वाचावे, आणि काहीच अडले नाही तर ती काढलेलीच ठेवावी.

ऐतिहासिक लेखनात तर चुकांचा सुकाळ असतो. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा आणि ज्यापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कसावा ही सगळी अमेरिका खंडातून आलेली पिके आहेत. पोर्तुगीज या किनाऱ्यावर येण्यापूर्वी ती इथे असणे शक्य नव्हते. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली 1290 साली. त्या काळातल्या आळंदीत कोणी हिरव्या मिरचीचा ठेचा खात असेल तर हस्तलिखित तिथेच मिटावेसे वाटते, कारण तिखटपणासाठी तेव्हा मिरी, पिंपळी आणि आले होते. सतराव्या शतकातल्या गडावर उपासाला साबुदाण्याची खिचडी शिजवणारे आणि मावळ्यांना सकाळी चहा देणारे लेखकही मला भेटले आहेत. जवळच्या काळात तर जास्तच बेसावधपणा होतो. भारतात प्रेशर कुकर घडू लागला तो 1959 च्या सुमारास. 1942 च्या भूमिगत कार्यकर्त्याच्या घरात शिट्टी वाजली की वाचकाचा विश्वास उडतो. उलट, काळ बरोबर पकडला तर एक शब्दही पुरतो: 1972 च्या दुष्काळावरच्या प्रकरणात ‘सुकडी’ हा मदत म्हणून वाटलेला खाऊ किंवा ‘मिलो’ ही बाहेरून आणलेली ज्वारी आली की त्या पिढीच्या वाचकाला पुढचे वर्णन लागत नाही.

सर्वांत गंभीर चूक मात्र शेवटच्या पंगतीची आहे. लेखक, बहुधा पुरुष, ताटात काय होते ते डाव्या-उजव्या बाजूंसह सांगतो; पण शेवटी कोण जेवले आणि तेव्हा पातेल्यात काय उरले होते, हे सांगत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त वडिलांचे पराकोटीचे सोवळे विनोदाने येते, पण त्याचा भार घरातल्या बायकांवर कसा पडत होता हेही त्याच ओघात कळते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त शेणातून निवडलेले ज्वारीचे दाणे धुऊन, दळून केलेली भाकरी आहे, तिथे हळहळीचे एकही विशेषण घातले असते तर ती भाकरी हलकी झाली असती. शाहू पाटोळे यांच्या 2015 सालच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या चान्या म्हणजे वाळवलेले मांस आणि रक्ती म्हणजे रक्ताचा पदार्थ आहेत, ज्या ‘मराठी जेवण’ या नावाखालच्या वरण-भात-तुपाच्या ताटात कधी दिसल्याच नव्हत्या. स्वतःच्या घरचे जेवण म्हणजे सगळ्यांचे जेवण, असे धरून चालणाऱ्या लेखकाने ही पुस्तके आधी वाचावीत.

याच कारणाने पदार्थांची नावे प्रमाण करू नयेत. पातळ पदार्थाला कोणी आमटी म्हणते, कोणी कालवण, कोणी कोरड्यास, आणि गोव्यात माशांचे हुमण होते. पात्राच्या तोंडी यांतला कोणता शब्द येतो यावरून त्याचा मुलूख आणि पुष्कळदा त्याची जातही कळते. त्या शब्दापुढे कंसात अर्थ देऊ नये. हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवण्यापूर्वी मात्र जेवणाची पाने, तो पदार्थ रोज करणाऱ्या एखाद्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावीत आणि ती जिथे ‘असं कुठे असतं?’ म्हणून हसेल, तिथे पेन्सिलीने खूण करावी.