प्रियसचं ऑइल घरीच बदललं

माझी 2012 ची टोयोटा प्रियस, न्यू जर्सीत घरासमोरच्या ड्राइव्हवेवर. हायब्रिडमध्ये एक गोष्ट जिवावरची: ‘रेडी’चा दिवा लागलेला असेल, तर गाडी कितीही गप्प उभी असो, इंजिन केव्हाही आपोआप सुरू होतं. म्हणून थोडी फिरवून ऑइल कोमट केलं, पॉवर बंद केली आणि चावी घरात ठेवून आलो. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. रॅम्प किंवा स्टँड हवेतच. उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी केबल्सना हात लावायची गरजच पडत नाही.

14 च्या पान्याने ड्रेन बोल्ट सोडला, परत लावताना नवा वॉशर घातला. वेळ खाल्ला तो फिल्टरने. इथे पत्र्याच्या डब्यासारखा फिल्टर नसतो, कागदी काडतूस असतं, आणि त्याची टोपी काढायला कप पाना लागतो. टोपीच्या खाचेत जुनी रबरी रिंग घट्ट चिकटलेली होती. ती उचकटून काढली, खाच पुसली, नव्या रिंगवर ताज्या ऑइलचं बोट फिरवून ती बसवली. इथे घाई केलीत तर गळती ठरलेली!

0डब्ल्यू-20 ग्रेडचं (म्हणजे पातळ) ऑइल, फिल्टरही बदलताना, 4.2 लिटर लागतं. आधी चारच ओता, इंजिन चालवून बंद करा, थोडं थांबून डिपस्टिकवर ऑइलची पातळी बघा, मग उरलेलं. जुनं ऑइल सुट्या भागांच्या दुकानात दिलं. ते फुकट घेतात.